दहावी-बारावीनंतर पुढे काय? दिव्यांग मुलांच्या घरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की आमच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि त्यातले बरेचसे असे असतात की नववीत विचारले असते तर घरातली धावपळ खूप कमी झाली असती. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. मी पालक आहे, वकील किंवा डॉक्टर नाही. माहिती मुख्यतः महाराष्ट्राची आहे, पण केंद्राचे कायदे आणि योजना गोव्यात किंवा इंदूर-बडोद्याकडच्या आपल्या लोकांनाही लागू आहेत.

तयारी कधीपासून सुरू करायची?

नववीत. खरं तर आठवीच्या सुट्टीत केली तरी लवकर नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांकडून ऐकलं असेल की तिथे मूल १६ वर्षांचं होईपर्यंत शाळेला कायद्याने पुढच्या आयुष्याचा लेखी प्लॅन करावा लागतो, पालक आणि मूल दोघांनाही सोबत घेऊन. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, २१ प्रकारची अपंगत्वं त्यात आहेत, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण शाळा संपताना मुलाचा पुढचा प्लॅन अमुक माणसाने करायचाच अशी जबाबदारी कुणावर टाकलेली नाही, त्यामुळे ती आपोआप आईवडिलांवर येते आणि बहुतेकांना ते निकालाच्या दिवशी कळतं.

नववीच का, तर विषय तेव्हा ठरतात, बोर्डाच्या सवलतींचे कागद तेव्हाच जमवायला लागतात, आणि सर्टिफिकेटमध्ये काही गडबड असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. एक वही करा. त्यात तीन गोष्टी लिहा, मूल आत्ता काय स्वतःचं स्वतः करतं, कशाला मदत लागते, आणि त्याला काय आवडतं. दर सहा महिन्यांनी परत लिहा. हीच वही पुढे कॉलेजला, वर्कशॉपला, डॉक्टरांना दाखवायला कामी येते.

पुढे काय करायचं हे मुलाला विचारायचं की आपणच ठरवायचं? त्याला कळत नाही फारसं.

विचारायचं. बोलता येत नसेल तरी विचारायचं. चित्रं दाखवून, जागा दाखवून, दोन-चार ठिकाणी प्रत्यक्ष नेऊन. बेकरीत नेल्यावर मूल खुलतं का आवाजाने कान झाकतं हे बघितलं की तुम्हाला उत्तर मिळतं. घरी बसून आपण "हिला कॉम्प्युटर शिकवू" ठरवतो आणि पोरीला दिवसभर एका जागी बसणंच नको असतं.

आणि ज्यांना नीट कळतं, बोलता येतं, फक्त चालता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांच्या बाबतीत तर मला हा प्रश्नच पटत नाही. काका, आत्या, शेजारी सगळे मिळून ठरवतात आणि ज्याचं आयुष्य आहे तो कोपऱ्यात बसून ऐकतो, असं मी खूप घरांत बघितलंय. प्रिन्सिपलना भेटायला जाताना मुलाला पुढे बसवा, त्यालाच बोलू द्या, अडखळला तरी थांबा. स्वतःला काय लागतं हे स्वतःच्या तोंडाने सांगता येणं, म्हणजे "मला पहिल्या बाकावर जागा हवी", "मला नोट्स आधी मिळाल्या तर बरं", ही सवय दहावीच्या आत लागली पाहिजे, कारण कॉलेजमध्ये तुम्ही सोबत नसता.

कोणते कागद लागतातच?

सगळ्यात आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे स्वावलंबन कार्ड, केंद्राचं दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलला किंवा नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलला. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. जवळपास सगळ्या योजना आणि आरक्षण ४० टक्क्यांपासून सुरू होतं.

कार्ड आलं की लगेच दोन गोष्टी तपासा. नावाचं स्पेलिंग आधार, शाळेचा दाखला आणि युडीआयडी तिन्हीकडे एकसारखं आहे का, आणि सर्टिफिकेट कायमचं आहे की मुदतीचं. मुदतीचं असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण अॅडमिशनच्या आठवड्यात मुदत संपलेली कळणं यासारखा मनस्ताप नाही. लर्निंग डिसॅबिलिटीवाल्यांनी (वाचन, लेखन, गणित शिकण्यात अडचण) तर जास्तच लक्ष द्या, लहानपणी काढलेलं सर्टिफिकेट जन्मभर चालत नाही, वय वाढल्यावर पुन्हा तपासणी करावी लागते. मुंबईत सायन, नायर, केईएम इथे या तपासण्या होतात, पण नंबर लागायला वेळ जातो, म्हणून परीक्षेच्या वर्षात नका जाऊ, त्याआधी जा.

याशिवाय डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आणि मुलाच्या नावावर आधार जोडलेलं बँक खातं. सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवा, आणि त्या ईमेलचा पासवर्ड मुलालाही माहीत असू दे.

अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आलंय, म्हणजे काहीच मिळणार नाही का?

आरक्षण नाही मिळणार, पण परीक्षेतली मदत मिळू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने युपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की लिहायला अडचण असेल तर लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा रायटर, मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी वेगळे नियमही काढले. हे बऱ्याच परीक्षा केंद्रांना माहीत नसतं, तेव्हा प्रिंट काढून जवळ ठेवा आणि शांतपणे दाखवा.

बोर्डाच्या परीक्षेत काय काय सवलती आहेत?

राज्य मंडळात तासाला २० मिनिटं जास्त वेळ, रायटर, अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे विषयांत बदल, काहींना कॅल्क्युलेटर, आणि सवलतीचे गुण. हे सगळं शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवून आधी मंजूर करून घ्यावं लागतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्टिफिकेट घेऊन गेलात तर केंद्रप्रमुखही काही करू शकत नाहीत.

रायटरबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. सहसा रायटर खालच्या इयत्तेतला लागतो. पालक धावपळ करून कुणाला तरी शोधतात, आणि मूल त्या मुलाला पहिल्यांदा भेटतं ते परीक्षा केंद्राच्या गेटवर. मग एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही, भूमितीची आकृती तोंडी कशी सांगायची ते माहीत नसतं, वेळ जातो, रडारड होते. तोंडी उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे हो. पूर्ण वाक्यात सांगायचं, स्वल्पविराम कुठे ते सांगायचं, "परत वाचून दाखव" म्हणायचं, आधीच्या उत्तरात भर घालायची असेल तर कुठे ते सांगायचं. नववीच्या चाचणी परीक्षेपासून रायटर घेऊन सराव करा, आणि एकच नाही तर दोन रायटर तयार ठेवा, कारण एकाला ताप आला की पंचाईत. ज्यांची बोटं चालतात त्यांनी कॉम्प्युटरवर टायपिंग शिकाच, कारण पुढच्या प्रवेश परीक्षांमध्ये रायटरचे नियम बदलत राहतात, कधी स्वतःचा आणता येतो, कधी परीक्षा घेणारे देतात, त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

गणिताऐवजी सोपा पर्याय घेतला तर चालेल ना?

पास व्हायला चालेल. पण पुढे गणित लागणाऱ्या कोर्सना अडेल, हे आधी मुलासोबत बसून बोला. चित्रकला, हॉटेल, भाषा, समाजकार्य, कायदा असं काही करायचं असेल तर बिनधास्त घ्या, गणितासाठी पोराची झोप घालवू नका.

राज्य बोर्ड झेपत नाहीये. एनआयओएस केलं तर पुढे किंमत असते का?

असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे, त्याची दहावी-बारावी इतर बोर्डांच्या बरोबरीची धरली जाते. पाच विषय घ्यायचे, विषयांची निवड मोठी आहे, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि एका विषयात पास झालं की ते मार्क जमा राहतात, पाच वर्षांत बाकीचे विषय सोडवायचे. ज्या मुलाला एकावेळी दोनच विषय झेपतात त्याच्यासाठी ही खरंच मोठी सोय आहे. पुढे मुक्त विद्यापीठात जायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण आहे, इग्नू आहे.

फक्त "गॅरंटीने पास करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या क्लासवाल्यांपासून लांब राहा. आणि मुक्त शाळा म्हणजे घरी बसणं असं होऊ देऊ नका, मित्र कुठे मिळणार याची वेगळी सोय करा, खेळ, नाटक, काहीही.

कॉलेजला आरक्षण किती आणि कुठे?

सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा, आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट, हे कायद्यात आहे. पूर्ण खाजगी विनाअनुदानित कॉलेजला हे कलम तसंच्या तसं लागू नाही, तिथे आधी विचारून घ्या.

पण माझं म्हणणं असं की फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरण्याच्या आधी कॉलेज डोळ्यांनी बघून या, मुलाला घेऊन, तेही कॉलेज चालू असताना. लिफ्ट आहे म्हणतात, पण ती चालते का? चावी कुणाकडे असते? खालच्या मजल्यावर टॉयलेट आहे का आणि त्यात व्हीलचेअर वळते का? लायब्ररी कितव्या मजल्यावर? बसस्टॉपपासून गेटपर्यंत रस्ता कसा आहे? नावाजलेलं पण तीन जिने चढावे लागणारं कॉलेज आणि घराजवळचं साधं पण माणुसकीने वागणारं कॉलेज यात मी तरी दुसरं निवडेन. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी दिव्यांग असेल तर त्याच्याशी बोला, तो दहा मिनिटांत खरं काय ते सांगतो.

डॉक्टर, इंजिनियर होता येतं का? लोक तर आधीच नाही म्हणतात.

लोकांचं सोडा. नीट आणि जेईईला दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा आहेत आणि ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त मिळतो. मेडिकलबाबत ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत असू द्या, केस महाराष्ट्रातल्याच विद्यार्थ्याची होती, बोलण्यात दोष, टक्केवारी ४० च्या वर, म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. कोर्ट म्हणालं की नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी कोर्स पूर्ण करू शकतो का हे अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने बघितलं पाहिजे. त्याला प्रवेश मिळाला. तेव्हा तपासणी बोर्डाने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा.

इंजिनियरिंग डिग्री-डिप्लोमासाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) सक्षम स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५० हजार, अट ४० टक्के अपंगत्व आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत.

दिसत नाही अशा मुलांनी अभ्यास कसा करायचा, पुस्तकं कुठे?

एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठीही वाचतं. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे. आणि २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या बदलामुळे दिव्यांग वाचकासाठी पुस्तक स्कॅन करून वाचता येईल असं करून देणं कायदेशीर आहे, हे कॉलेजच्या लायब्रेरियनला सांगा, ते उगाच घाबरतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं रिसोर्स सेंटर आणि वरळीचं नॅब (अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था), पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, इथे फोन करून तरी बघाच. दहावी झाल्यावरच्या सुट्टीत कॉम्प्युटर आणि पांढरी काठी घेऊन एकट्याने फिरणं या दोन गोष्टी पक्क्या झाल्या तर कॉलेज निम्मं सोपं होतं.

ऐकू येत नाही, कॉलेजमध्ये शिकवलेलं कळतच नाही म्हणते.

हे खरं दुखणं आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे साइन लँग्वेजचे इंटरप्रिटर कॉलेजमध्ये फार कमी ठिकाणी मिळतात. बाईंना, सरांना विनंती करून नोट्स आदल्या दिवशी घ्या, वर्गात तोंड दिसेल अशी जागा, मोबाईलवर बोललेलं लिहून दाखवणारं अॅप, आणि एक मैत्रीण जी वहीचा फोटो देईल. बांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत चौकशी करा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा सांकेतिक भाषा शिकवण्याचा डिप्लोमा आहे, तो कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे, शिकवायची आवड असलेल्या मुलांनी जरूर बघावा.

मुलगा बौद्धिक अक्षम आहे, १८ झाल्यावर शाळेने घरी पाठवलं. आता?

ग्रुपवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजीही याच मुलांची वाटते. शाळेत असताना सकाळी उठणं, डबा, बस, बाई, मित्र असं दिवसाचं वळण असतं, ते एका दिवसात तुटतं. मग मूल दिवसभर टीव्हीसमोर, वजन वाढतं, चिडचिड वाढते, शिकलेलं विसरतं, आणि आईची नोकरी सुटते. म्हणून शाळा सुटायच्या किमान दोन वर्षं आधी पुढची जागा बघायला लागा, कारण चांगल्या कर्मशाळांना वेटिंग असतं.

कर्मशाळा म्हणजे १८ वर्षांवरच्यांसाठी काम शिकायची जागा. पुण्यात कामायनी, नाशिकला प्रबोधिनी, मुंबईत शिवडीचं जय वकील ही जुनी नावं, तिथे काम कसं चालतं ते एकदा बघून आलात तर चांगलं म्हणजे काय याचा अंदाज येतो, मग आपल्या गावातली जागा पारखता येते. बघायला गेलात की नुसत्या राख्या-पणत्या बघून येऊ नका. मुलं दिवसभर खरंच काम करतात की बसून असतात? एकच काम दहा वर्षं की नवीन शिकवतात? केलेल्या कामाचे पैसे मुलाच्या हातात पडतात का? इथून बाहेर नोकरीला किती जण गेले? मुंबईतल्या कॅफे अर्पणमध्ये अशीच मोठी मुलं ऑर्डर घेतात, स्वयंपाकघर सांभाळतात, पगार घेतात.

घरी काय करायचं तर नोकरीपेक्षा आधीच्या गोष्टी. दाढी, अंघोळ, पाळीची काळजी, कपडे निवडणं, रिक्षाचे पैसे देणं, घराचा पत्ता सांगणं, फोन लावणं, "नको" म्हणता येणं. चहा करता येणाऱ्या आणि वेळेवर तयार होणाऱ्या मुलाला काम मिळतं. आणि शरीराबद्दल, चांगल्या-वाईट स्पर्शाबद्दल मुलगा असो मुलगी असो बोला, लाजून टाळू नका, मूल वयात आलेलं आहे.

जवळपास काहीच नसेल तर चार पालक मिळून सुरुवात करता येते. एकाची खोली, एक ताई, पापड किंवा कागदी पिशव्या. मोठ्या संस्थाही अशाच उभ्या राहिल्यात.

१८ पूर्ण झाल्यावर गार्डियनशिप काढायलाच लागते का?

सगळ्यांना नाही. अस्थिव्यंग, अंध, कर्णबधिर मुलं १८ ला कायद्याने स्वतंत्र सज्ञान नागरिक आहेत, त्यांची सही त्यांचीच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीत अडचण), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. १८ नंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे बँकेत गेल्यावर कळतं. पण सेरेब्रल पाल्सी असून डोकं तल्लख असलेल्या मुलीची गार्डियनशिप फक्त बँक म्हणते म्हणून काढू नका. तिचा निर्णयाचा हक्क जातो. अंगठा चालतो, बँकेशी भांडा.

मृत्युपत्र करा, आणि बौद्धिक अक्षम मुलाच्या थेट नावावर घर ठेवण्याआधी वकिलाला विचारा, पुढे व्यवहार अडकतात.

पैशाचं काय? कुठून काय मिळतं?

पटापट सांगते. अकरावीपासून पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, केंद्राची नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आणि राज्याची महाडीबीटीवर, दोन्हीच्या अटी वाचून एकच योग्य ती भरा. नॅशनल ट्रस्टवाल्या चार प्रकारांसाठी निरामय विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च त्यात बसतो, आधी मेडिकल तपासणी लागत नाही. १८ नंतर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला विचारा, उत्पन्नाची अट कडक आहे. इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीत पालकांना दिव्यांग मुलासाठी (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५ हजार, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाख वजावट. आईवडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या मुलाचं नाव कुटुंब निवृत्तीवेतनासाठी ऑफिसात आत्ताच नोंदवा, आपल्या मागे मुलाला हे करता येणार नाही. एसटीला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे.

नोकरीत खरंच जागा असतात का?

सरकारी नोकरीत ४ टक्के. अंध-अल्पदृष्टी १, कर्णबधिर १, अस्थिव्यंग वगैरे १, आणि ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार, बहुविकलांगता मिळून १. कोणतं पद कोणत्या अपंगत्वाला चालतं याची केंद्राची यादी जानेवारी २०२१ मध्ये आली, कोर्स निवडायच्या आधी ती बघा म्हणजे नंतर पस्तावायला नको. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना पहिल्यांदा युपीएससी पास झाल्यावर दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत घेतलं नाही, त्यांनी परत परीक्षा दिली, १२४ वा नंबर काढला आणि आयएएस झाल्या. खाजगीत मुंबईची मिरॅकल कुरियर ही कर्णबधिर मुलामुलींना काम देणारी कंपनी आहे. केंद्राचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेंटर मुंबईत आहे, तिथे नाव नोंदवा, ते काम कोणतं जमेल याची चाचणीही घेतात.

मुलगी आहे, एकटी बाहेर कशी पाठवू?

भीती खरी आहे, मी ती खोटी ठरवणार नाही. पण मुलाला तीनचाकी मिळते आणि मुलीला "तू घरीच बरी" मिळतं, हे मला सहन होत नाही. थोडं थोडं सोडा. आधी तुम्ही सोबत, मग दहा पावलं मागे, मग ती एकटी आणि फोन चालू. रिक्षावाला ओळखीचा ठरवा, कॉलेजच्या शिपाईमामांची ओळख करून घ्या. हॉस्टेल हवं असेल तर वॉर्डनला भेटून तिला काय मदत लागते ते ती स्वतः सांगेल असं करा.

कॉलेज किंवा ऑफिस ऐकतच नाही. तक्रार कुठे?

तोंडी भांडून उपयोग नाही. आधी लेखी अर्ज, कशाची गरज आहे आणि कायद्यातलं कोणतं कलम ते लिहून, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर त्यांना प्रत. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे त्या अर्जाची प्रत जोडून तक्रार द्या. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण ऑफिसातूनही पाठपुरावा करता येतो. अर्जावर सही शक्यतो मुलाची किंवा मुलीची स्वतःची असू द्या.